शेजारचा वर्ग

अहो,

हे तुम्हाला जहाजावर पाठवणार नाही, तरी लिहिते. तुम्ही नसताना मी पिते. ते सुटावं म्हणून गेल्या शनिवारी पनवेलमधल्या दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला गेले. ती भरते त्या शाळेच्या दारात एक काका होते. म्हणाले, "मिस्टरांना नाही आणलंत, वहिनी? बरं, घरच्या बायकांची मीटिंग शेजारच्या वर्गात."

खरं न सांगता मी शेजारी जाऊन बसले. सगळ्या आपापल्या नवऱ्याबद्दल बोलत होत्या. पाळी आली तशी मीही म्हणाले, नवरा फार पितो. तुम्ही, ज्यांनी गावच्या हळदीत सगळे पीत असतानाही कधी ग्लास हातात धरला नाही! एका म्हातारीने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "किती सोसलंस गो बाय." मला खरंच रडू आलं.

आज काकांनी पुन्हा तेच दार दाखवलं. मी म्हटलं, "काका, पिणारी मीच आहे." ते गडबडले, मग स्वतःची खुर्ची मला दिली. आत सगळे पुरुष होते. नाव सांगितलं, आणि पिते हेही सांगितलं.

आता शेजारच्या वर्गात जाऊन तुमच्यावरचा आळ काढायचा आहे. ती म्हातारी हात मागे घेईल, याची धास्ती वाटते. तुम्हाला हे कळेल तेव्हा तुमच्याबद्दलही तीच.

तुमचीच,
सुवर्णा