गुडघेदुखीची पावडर

चिक्कडपल्ली, हैदराबाद

ती. आईस,

त्रिवेणी पाया पडते. मी बरी आहे. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. वहिनीकडून वाचून घे.

माझा चेहरा गोल झाला, तेव्हा तू म्हणालीस, "हैदराबाद मानवलं गं तुला." पण हातपाय बारीक झाले, पोटावर जांभळे पट्टे उठले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "औषध कुठलं घेता?" म्हटलं, "औषध नाही, आईने बाजारातून पाठवलेली गुडघेदुखीची जडीबुटी."

त्यांनी पावडर तपासून घेतली. आई, त्यात स्टेरॉइड निघालं! शरीर कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक स्वतःच बनवतं, हे त्याच्यासारखंच काम करतं, आणि जास्त झालं की ही गत होते.

तू मायेनेच पाठवलीस, तुला तरी काय ठाऊक? पण तूही तीच घेतेस. दिवाळीत तुझाही चेहरा सुजल्यासारखा होता. साखर वाढली म्हणालीस ना?

घाबरून पावडर एकदम बंद करू नकोस. बाहेरून मिळत राहिल्यामुळे शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल बनवायचं विसरलेलं असतं. अचानक तोडलं तर जिवावर बेततं. डॉक्टर हळूहळू सोडवतात, माझी तशीच सोडवताहेत.

पत्र मिळताच दादाबरोबर नीघ, निघताना त्याला मला फोन करायला सांग. नामपल्ली स्टेशनवर मी उभी असेन.

तुझीच,
त्रिवेणी