टॉवेल-टोपीच्या यादीतलं पहिलं नाव

जळगाव, मंगळवार

ती. नाना,

आपल्या योगेंद्रच्या लग्नात टॉवेल-टोपीचा मान द्यायच्या यादीत तुम्ही माझ्या साहेबांचं नाव पहिलं लिहिलंत, कारण मला नोकरी त्यांनी दिली. तेच साहेब प्रयोगशाळेचं दार लावून माझ्या अंगाला हात लावतात. पाच वेळा झालं. तारखा आणि वेळा नोंदवल्या आहेत. तरी तक्रार मी चार महिने लांबवली. साहेबांची भीती होतीच. पण ‘देवमानूस शे’ म्हणताना तुमचा चेहरा उजळतो, तो जास्त आडवा यायचा.

काल इतकं लिहिलं आणि तुमचाच फोन आला. मी हेच वाचून दाखवलं.  तुम्ही म्हणालात, “अर्ज देई टाक, बेटा. तो टावेल आते मीच वापरसू.”

मागून आई ओरडली, “पहिले जुना त धोई टाका!”

आज तक्रारीचा अर्ज दिला. शिक्क्याची पोच घेतली. पत्र आता टाकत नाही, लग्नाला येताना हातीच देईन. लग्नात तो टॉवेल खांद्यावर घ्या. फोटोला मी तुमच्याच शेजारी उभी राहीन.

तुमची,
दिपमाला