नवाची घुंगरं

६ जानेवारी १९४७, सोमवार

मला पळून दाखवा म्हणे! मला — सहादेवाला! तेवीस वर्षं राजूरहून उंबरदरीला टपालाची थैली पाठीवर घेऊन पळतोय. आठ मैल, मधी खिंडीची चढण. सकाळी सातला निघायचं, नवाला पोचायचं. पोचतोच. उंबरदरीला नबीलाल मास्तर शाळा चालवतात आणि शाळेतच पोस्टही. त्यांच्या वहीत रोज काय लिहिलंय? नऊ. नऊ. नऊ. कुठं साडेनऊ दिसलं तर माझ्या काठीची घुंगरं काढून बैलाच्या गळ्यात बांधा!

आज नवे इन्स्पेक्टर आले. मिसरूड नीट फुटलं नाही, पण मनगटावर घड्याळ. "पंचेचाळिशीच्या वरच्या प्रत्येक रनरची धाव मी स्वतः बघणार. वीस तारखेला. दोन तासांच्या वर गेलात तर जागा दुसऱ्याला." दुसरा कोण ते न सांगता कळलं. गोरक्षनाथ! ते पोरगं आठ दिवस पोस्टाच्या ओट्यावर उगाच नाही बसलेलं.

७ जानेवारी

चांगुणा भाकरी थापता थापता म्हणाली, "अवं, द्या की आता सोडून. गुडघा लई दुखतोय तुमचा, मला काय कळत न्हाई व्हय?" घरची बायकोच असं म्हणायला लागल्यावर साहेबाला कुठल्या तोंडानं बोलायचं! ताटावरून उठलो. मग भूक लागली, जेवलो.

१० जानेवारी

थैलीत दोन दगड जास्तीचे घालून पळालो. जमलं! खिंडीत जरा टेकलो, ते पाणी प्यायला. यंदा खिंडीत ऊन लवकर येतंय.

शाळेत शिरलो तर भिंतीवरच्या घड्याळात नऊला दोन कमी. मास्तर काल उशिरा आलेल्या एका पोराला छडी देत होते. "तो सहादेव खिंड चढून वेळेवर येतो, आणि तुला पलीकडच्या वाडीतून येता येत नाही?" छाती फुगली माझी. हे त्या साहेबानं ऐकायला हवं होतं.

१४ जानेवारी

संक्रांत. गोरक्षनाथ तिळगूळ घेऊन दारात. "काका, गोड बोला." माझ्या भाकरीवर डोळा, आणि मी गोड बोलायचं! तिळगूळ घेतला, बोललो काहीच नाही. जाताना कोपऱ्यातली काठी हलवून घुंगरं वाजवून गेला. अंगाची नुसती आग झाली. चांगुणा म्हणते, "पोरगं वाईट न्हाई." नसेल. मी तरी कुठं वाईट आहे?

१९ जानेवारी

उद्या. चांगुणानं न सांगता गुडघ्याला तेल चोळलं.

२० जानेवारी

घड्याळ फिरवलं! फसवलं मला!

साहेब कालच उंबरदरीला जाऊन राहिले होते. इकडे पोस्टमास्तरांनी बरोब्बर सातला थैली हातात दिली. ऊर फुटेस्तोवर पळालो. खिंडीत बसलो नाही, थांबलो नाही. उतरणीला दोनदा पडलो, कोपर फुटलं, तसाच उठलो. शाळेत शिरलो आणि आधी भिंतीकडे बघितलं — नऊला दहा कमी! दहा मिनिटं आधी, ह्या वयात! साहेबाकडे बघून हसलोसुद्धा.

साहेबांनी मनगट पुढं केलं. नऊ पंचवीस.

म्हणालो, भिंतीवर बघा की! तर म्हणाले, "भिंतीवरचं राहू द्या." का राहू द्या? शाळेचं घड्याळ खोटं आणि तुमच्या मनगटावरचं तेवढं खरं? गोरक्षनाथासाठी काटे पुढं सारून आणले असणार, दुसरं काय! आणि मास्तर — खाली मान घालून उभे. एक शब्द बोलले नाहीत माझ्या बाजूनं. साहेबापेक्षा त्यांचाच राग जास्त आला.

२१ जानेवारी

नगरच्या मोठ्या साहेबांना अर्ज लिहिला. "इन्स्पेक्टरांचे घड्याळ मुद्दाम पुढे केलेले होते. साक्षीदार नबीलाल मास्तर." अक्षर चांगलं आलंय. हुकूम येईस्तोवर थैली माझीच. उद्या पोचलो की मास्तरांची सही घेतो. देणार नाहीत तर बघतोच.

२२ जानेवारी

सही आणली नाही. लिहवत नाही.

२४ जानेवारी

लिहून टाकतो एकदाचं.

मास्तर म्हणाले, "सही करतो, सहादेव. पण आधी ऐका. ते घड्याळ धड चालत नाही. इथं डोंगरात दुसरं घड्याळ आणू कुठून? तुमची घुंगरं वाजली की खुर्चीवर चढतो आणि काटे नवावर आणतो. कितीतरी वर्षं. म्हटलं, घड्याळ चुकेल, सहादेव कशाला चुकतोय!"

आणि दौत पुढं ओढली. "आणा कागद. तरी सही करतो." डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

कागद घडी घालून खिशात ठेवला. ज्याच्या नावानं पोरांनी छड्या खाल्ल्या, तोच रोज उशिरा! आणि खिंडीतलं ऊन लवकर येत नव्हतं. मला ठाऊक होतं. गेल्या साली पण ठाऊक होतं. इथं वहीत तरी खोटं कशाला बोलू!

अर्ज चुलीत घातला.

२७ जानेवारी

सकाळी काठी गोरक्षनाथाच्या हातात दिली. पाया पडला. सातला निघाला आणि नवाला पोचला. खरे नऊ. परत येऊन सांगत होता — "काका, शाळेत मास्तर एकलेच. एक पोर न्हाई!"

पोरं आपली माझ्याच वेळेला निघालेली; सगळी शाळा आज अर्धा तास उशिरा आली म्हणे. मास्तरांनी छडी उचलली नाही.