पानावर कुणाचं नाव

३ मार्च

झालं! बटण लावलं. नऊ वर्षं फुकट चालवलेल्या माझ्या ‘ओळतोड’च्या पानावर आता ठळक निळ्या अक्षरांत लिहिलंय — ‘देणगी द्या’.

ओळीच्या टोकाला शब्द मावला नाही की तो कुठे तोडायचा, एवढंच काम करतो हा प्रोग्राम. पण औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद असो की बँकेचं पत्र, आत ओळतोड असतोच. ओपन सोर्स — कुणीही उघडावा, वापरावा, बदलावा. त्यामागे एक बाई रोज सकाळी सहा ते आठ डोकं खाजवत बसते, हे मात्र कुणाच्या गावीही नाही!

साहेब विभागप्रमुख व्हा म्हणतायत. एकतीस तारखेपर्यंत उत्तर हवंय. हो म्हटलं तर सकाळचे दोन तास गेले, म्हणजे ओळतोड गेला. नाही म्हटलं तर पूर्णवेळ दुसरी जागा नाही म्हणे, फक्त अर्धवेळ नोकरी, अर्धा पगार. नवरा म्हणाला, “उरलेला अर्धा बटणातून येऊ दे, मग तुझं नकाराचं पत्र मीच टाइप करतो.” म्हटलं, कागद आणून ठेव.

५ मार्च

दोघांनी दिले. त्यातली एक आई.

९ मार्च

नणंद आली होती. मोठ्या कंपनीत हिशेब बघते ती. बटण बघून हसतच सुटली. “वहिनी, देणगी म्हटलं की आमच्याकडे पाच सह्या लागतात. आणि पाचवा विचारतो, हा कुठला अनाथाश्रम? तू ‘देखभाल’ लिही. लिफ्टची देखभाल, एसीची देखभाल — त्या बिलाकडे कुणी ढुंकूनही बघत नाही!”

काय डोकं आहे पोरीचं! लगेच बदललं. त्याच झपाट्यात पहिल्या पानावर मोठी पाटी केली — ‘ओळतोड यांच्या जिवावर चालतो’. खाली देणाऱ्यांची नावं, प्रत्येकाचा दुवा. नियम एकच : पैसे देईल त्याचं नाव. वशिला चालणार नाही. सध्या सगळ्यात वर आई. तिने मावशीला फोन करून सांगितलं की ती आता कॉम्प्युटरमध्ये आहे.

१४ मार्च

एका छपाई कंपनीने वर्षाची देखभाल घेतली! मी घरभर नाचले.

१८ मार्च

त्या कंपनीच्या स्पर्धकांचा फोन. “मॅडम, ते तुमच्या पानावर आणि आम्ही नाही, बरं दिसत नाही हो.” मग या की! “दुप्पट देतो, पण आम्हाला सगळ्यात वर घ्या.” घेतलं. आई तिसरी झाली. लाज वाटायला हवी होती, नाही वाटली.

२१ मार्च

एका शहाण्याने लिहिलंय : ‘ओपन सोर्सच्या नावाखाली दुकान मांडलंत!’ उत्तर दिलं — दुकान नऊ वर्षं उघडंच होतं, फक्त पाटी नव्हती. त्यानंतर आणखी अकरा जण आले. पाटी हवीच! न सांगता कुणाला कळणार?

२४ मार्च

यादीकरांचा मेल. हे निवृत्त मुद्रितशोधक. कोणता शब्द कुठे तोडायचा ती अख्खी यादी त्यांची, यंत्र माझं. महिन्याच्या एक तारखेला न चुकता नवे शब्द पाठवतात. त्यांच्याशिवाय माझं यंत्र म्हणजे दाण्याविना जातं. कधी भेटलो मात्र नाही.

लिहितात, ‘नवीन पान पाहिले. दोनदा वर-खाली केले. माझे नाव सापडले नाही. चष्मा बदलायला झाला असावा.’

गोड माणूस! कळवलं की ते पान पैसे देणाऱ्यांचं आहे, एकाला सूट दिली की सगळेच मागतील. पुढच्या आवृत्तीत आभारांमध्ये नक्की घालते. त्यांचं एका शब्दाचं उत्तर आलं — ‘कळले.’

चला, एक काम उरकलं.

२९ मार्च

अर्ध्या पगाराच्या वर गेलं!! नवऱ्याने दिलेला शब्द पाळला, पत्र टाइप केलं. चार ओळींत तीन चुका. सुधारून साहेबांच्या टेबलावर ठेवलं. “नीट विचार केलाय ना तुम्ही?” केलाय. आवाज जरासुद्धा हलला नाही माझा.

१ एप्रिल

आजपासून अर्धवेळ. सकाळी सहाला बसले ती थेट अकराला उठले. काय सुख!

यादी अजून आली नाही.

२ एप्रिल

यादीकरांचा मेल :

‘जुनी यादी सर्वांचीच आहे, अवश्य वापरावी. नवे शब्द यापुढे आपल्या पानावर सर्वांत वर असलेल्या कंपनीला देणार आहे. त्यांचा पत्ता आपल्या पानावरच मिळाला. पैशाचे बोलणे अजून झालेले नाही. त्यांनी आधी नाव घातले.’