माह्या दारावरचं निशाण

६ सप्टेंबर
डासाचा सर्वे. पह्यले खडूनं आपल्याच दारावर, घर तपासलं म्हणून, आत न पाहताच तारीख टाकली अन् निघाली. दरवेळचंच. तांड्याची आशा वर्कर मीच, माह्या घरी काय पाहाचं! साऱ्याईले सांगतलं, ड्रम रिकामे करा, घासा. जमनाबाई फटकळ म्हातारी. म्हणे, "मंग पाणी तू आणून देशीन?"

९ सप्टेंबर
शेजारच्या कविताच्या पिंकीले तीन दिवसाचा ताप. रक्त तपासाले नेलं.

११ सप्टेंबर
डेंग्यू. पिंकीले यवतमाळले नेलं. प्लेटलेट लय कमी. कविता माह्या गळ्यात पडून रडली.
घरी येऊन न्हाणीतल्या ड्रमाचं झाकण काढलं. अळ्या! वळवळून राह्यल्या. भितीपल्याड पिंकीची बाज. माय वं, हे मी काय केलं.
सासूबाईले म्हटलं, ओतून देऊ हे पाणी. "नळ आठ दिवसानं येते. पाच माणसं काय पेतीन? झाकण लाव न गुमान बस. काम जाईन तुह्यं."
कपड्यानं गाळलं. तळाशी अजून आहेतच.

१२ सप्टेंबर
महागावहून आरोग्य खात्याची टीम आली. साहेबानं माह्या दारावरचं निशाण पाह्यलं. "ताईचं घर झालं. पुढे चला." मीही त्याईच्या मांगं निघाली.
तांड्याच्या दुसऱ्या टोकाले जमनाबाईच्या फुटक्या मटक्यात दोन अळ्या भेटल्या. झालं! सारं खापर तिच्यावर. तांड्याचा नायक चारचौघात तिले नाई नाई ते बोलला. पिंकी तिकडे कधी जातही नाई.

१४ सप्टेंबर
कविताचा फोन. पिंकी अजून उठून बसत नाई. "त्या जमनीले मी सोडत नाई. सारे तुह्यासारखे असते त..." पुढचं ऐकवलं नाई. लाज वाटते स्वतःची.
आमच्या गल्लीत अजून एकाले ताप.

१५ सप्टेंबर
आज टीम पुन्हा येणार, अकराले.
सकाळी जमनाबाई हात धरून घरी घेऊन गेली. मटकं फोडून टाकलं, आंगण झाडलेलं. "पाह्य. आता लिह्य माह्या दारावर, चांगली आहे म्हणून." तिच्या दारावर तारीख टाकली.
घरी येऊन आपल्या दारावरची तारीख ओल्या फडक्यानं पुसली.
"काहून पुसून राह्यली वं?" सासूबाई.
फडकं पिळून वाळत घातलं. त्या उठल्या, न्हाणीच्या दारात पाट टाकून बसल्या. "येऊ दे तुह्या साहेबाले. मी हलत नाई."
पावणेअकरा. गाडी नायकाच्या घरापाशी थांबली आहे.