खारींनी निवडलेलं बी

६ ऑक्टोबर
बाबांनी जाहीर केलं: येत्या वसंतात ज्याचा वाफा चांगला उगवेल, रोपवाटिका त्याच्या हाती. म्हणजे माझ्याच. धाकटा भाऊ मेहनती आहे, पण मेहनत करून डोकं येत नाही.

९ ऑक्टोबर
धाकटा झाडावर चढून बियांसाठी पाइनचे शंकू काढतोय. मी खारींनी मातीत पुरून ठेवलेले उचलले. खार काय खराब माल साठवेल? आयतं सिलेक्शन. बायको म्हणाली, भाऊजी सांगत होते, जमिनीतल्या शंकूंना बुरशी असते. म्हटलं, भाऊजींचं कौतुक पुरे.

१२ फेब्रुवारी
बी भिजत घातलं. धाकट्याचं वाहत्या नळाखाली. नुसती नासाडी. माझं सगळं एका पिंपात, पाणी न बदलता. बियांचा कस पाण्यात उतरतो, तो फेकायचा कशाला?

१५ फेब्रुवारी
पिंपाला वास येतोय. कसाचा.

२ मार्च
पेरणीआधी थंडी द्यायला फ्रिजमध्ये ठेवलेल्या बियांवर पांढरी लव. काय जोम आहे! धाकटा म्हणाला, दादा, ही बुरशी, चांगलं बी वेगळं काढ, नाहीतर सगळं जाईल. जळतो लेकाचा. माझ्या बियाण्यात एकी आहे, वेगळं व्हायचं नाव काढायचं नाही.

१० एप्रिल
पेरलं. छाती पुढे काढून.

२८ एप्रिल
धाकट्याचा वाफा हिरवागार. उथळ बी लवकर उगवतं. माझं खोल विचार करतंय.

३ मे
एक बी उकरून फोडलं. आत पीठ. दुसरं, तेही पीठ. तिसरं फोडलं नाही. उगाच संशय घेऊ नये.

५ मे
माझ्या वाफ्याला आता बायकोच पाणी घालते. उशिरा का होईना, विश्वास बसला.

२३ मे
उगवलं! या टोकापासून त्या टोकापर्यंत. बायको म्हणाली, छान. एवढंच. तिला यश पचत नाही.

२४ मे
सगळ्यांना वाफ्यापाशी नेलं. खार, पिंप, कस, सविस्तर भाषण ठोकलं. धाकटा मान खाली घालून उभा. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या बायकोला विचारलं, सूनबाई, धाकट्याकडून मागून नेलेलं बी ते हेच का? ती वाकून वाफ्यातलं तण उपटायला लागली.
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
किल्ल्या धाकट्याकडे गेल्या. घरी येऊन बायकोवर ओरडलो, कोणी सांगितली होती ही उठाठेव? म्हणाली, रोज सकाळी त्या रिकाम्या वाफ्यापाशी ओणवे होऊन बघत बसायचात, ते बघवेना.
उठलो आणि ते कसाचं पिंप ओतून आलो.