सुकत घातलेली मासळी

आई,

इथूनच वाकून नमस्कार. मी बरी आहे, दोन वेळा जेवते. खोलीसमोरच समुद्र आहे. रोज बघते आणि बघून झालं की आत येते.

अंगणभर मासळी सुकत असते. मी एरवी किती नाकं मुरडायची! काल घरमालकिणीने टोपली पुढे केली. "वास घेऊन सांग, बिघडली का?"

"छान आहे," मी म्हटलं.

तिने टोपली सरळ उकिरड्यावर ओतली. रागावली मात्र नाही. "घरातलं कोण गेलं?"

"बाबा. महिना झाला."

"नवरा गेला तेव्हा माझंही नाक असंच मेलं होतं."

तुझे गुडघे कसे आहेत? दादा वेळेवर घरी येतो ना?

बाबांचा खुंटीवरचा सदरा धुवू नकोस. मला वास यायला लागला की लगेच निघते.

तुझी धाकटी